तिसऱ्या रात्रीची सिस्टर

मांडीचे हाड मोडून दाखल झालेला एखादा शेतकरी पहिले दोन दिवस अगदी शांत असतो. विचारलेल्याला नीट उत्तरे देतो, शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करतो, दारूबद्दल विचारल्यावर बायकोची नजर चुकवत "कधीतरी, सणावाराला" असे सांगतो, आणि कामाच्या रेट्यात असलेला निवासी डॉक्टर तेवढेच कागदावर लिहून पुढच्या खाटेकडे वळतो. तिसऱ्या रात्री दोन-अडीचच्या सुमारास तोच माणूस घामाने भिजून उठून बसतो. त्याला भिंतीवरून मुंग्या चालताना दिसतात, गोठ्यातल्या म्हशी सुटल्या म्हणून तो हाका मारू लागतो, हाताची सलाईन उपसून टाकतो आणि मोडक्या पायाने खाली उतरू पाहतो. त्या वेळी साऱ्या वॉर्डाची जबाबदारी दोघांवर असते : रात्रपाळीची एक सिस्टर आणि एक वॉर्डमामा.

सांगली-मिरज परिसरात मी गेली तेवीस वर्षे फिजिशियन म्हणून काम करतो आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत दवाखाना उभारला तेव्हापासून हे गाव आजाऱ्यांचे गाव झाले आणि जत-आटपाडीपासून थेट सीमेपलीकडच्या कर्नाटकापर्यंतचे रुग्ण इथे येत राहिले. त्यांत व्यसनाचे रुग्ण भरपूर असतात, पण ते व्यसनाचे रुग्ण म्हणून येत नाहीत. कोणी यकृत सुजले म्हणून येतो, कोणी रक्ताची उलटी झाली म्हणून, कोणी मोटारसायकलवरून पडला म्हणून. व्यसनाचा उपचार व्यसनमुक्ती केंद्रात होतो हा समज म्हणूनच अपुरा आहे. त्या उपचाराचा मोठा आणि सर्वांत धोक्याचा भाग सर्वसाधारण रुग्णालयात, त्याचे शिक्षण फारसे न मिळालेल्या माणसांच्या हातून होत असतो. मला आज लिहायचे आहे ते या माणसांविषयी.

तिसरी रात्रच का, हे आधी सांगायला हवे. रोजच्या दारूने येणाऱ्या गुंगीशी जुळवून घेताना मेंदू आपली उत्तेजना वाढवत नेतो. दारू अचानक थांबली की गुंगी निघून जाते आणि वाढलेली उत्तेजना मागे उरते. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि काही रुग्णांना साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान डिलिरियम ट्रेमेन्स होतो, म्हणजे भान हरपते, भास होतात, नाडी आणि ताप चढतो. उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. उपचार मात्र हाताशी असतात : ही उत्तेजना शमवणारे लोराझेपाम किंवा डायझेपाम पुरेशा मात्रेत, आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, कारण दारूने त्याचा साठा रिकामा झालेल्या शरीरात नुसते ग्लुकोज सोडले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. उपचार माहीत आहे, स्वस्त आहे, आणि तरीही ती रात्र पुन्हा पुन्हा येते.

साधारण अठरा वर्षांपूर्वीची अशीच एक रात्र मी विसरलेलो नाही. मी ज्या खासगी रुग्णालयात तपासायला जात असे, तिथे जत तालुक्यातून आलेली, नुकतीच नोकरीला लागलेली एक सिस्टर रात्रपाळीला होती. तिसऱ्या रात्री रुग्ण उठला, त्याला आवरताना त्याने तिचे मनगट पिरगाळले आणि दंडाला चावा घेतला. मी साडेतीनला पोहोचलो, औषध दिले, पहाटेपर्यंत रुग्ण शांत झाला. त्यानंतर सगळ्यांसमोर मी तिला विचारले, "सिस्टर, आधी का कळवले नाही?" ती काही बोलली नाही. तिने आदल्या संध्याकाळीच "हात थरथरतात, खूप घाम, झोप नाही" असे नोंदवून ठेवले होते, हे मी नंतर कागद चाळताना पाहिले. रात्रीचा राऊंड घेताना मी ते पान वाचले नव्हते. हाताला पट्टी बांधून तिने सकाळी आठला चार्ज दिला आणि त्याच दिवशी रात्री पुन्हा ड्यूटीवर आली. तिला कसे वाटते आहे, घरी पोहोचवायला कोणी हवे आहे का, एवढेही मी किंवा व्यवस्थापनातल्या कोणी विचारले नाही. दोन महिन्यांनी ती नोकरी सोडून गेली. रुग्ण बरा झाला आणि त्या हंगामात त्याच्या घरून माझ्याकडे द्राक्षांची पेटी आली.

ती पेटी तिच्याकडे जायला हवी होती, हे मला कळायला फार वर्षे लागली.

डॉक्टर-परिचारिकांना आधार द्यायचा म्हटले की आपल्याकडे पहिल्यांदा सुरक्षेचा विषय निघतो, आणि तो रास्तच आहे. महाराष्ट्रात २०१० पासून रुग्णालयातील हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे; तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे आणि तसे फलक दारोदार लागलेले आहेत. नातेवाइकांच्या जमावाला त्याचा थोडा धाक बसतो. पण भान हरपलेल्या रुग्णावर कोणता गुन्हा दाखल करणार? तिसऱ्या रात्रीच्या सिस्टरसाठी तो फलक निरुपयोगी आहे. तिला पहिल्या दिवसाचा आधार हवा आहे. दाखल होताना दारूचा प्रश्न नीट, एकांतात आणि अपमान न करता विचारला गेला, शेवटची दारू कधी घेतली याची वेळ लिहिली गेली, आणि औषध पहिल्याच दिवशी सुरू झाले, तर बहुतेक वेळा ती रात्र येतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली तयार केलेली आहे. थरथर, घाम, मळमळ, बेचैनी, भास अशा दहा बाबींना गुण देऊन त्रासाची तीव्रता मोजण्याचा तक्ताही आहे, आणि तो सिस्टर स्वतः भरू शकतात. तक्त्यातले गुण ठरावीक आकड्यावर गेले की लेखी आदेशाप्रमाणे पहिली मात्रा त्यांनीच द्यावी, डॉक्टर येईपर्यंत थांबू नये, एवढी व्यवस्था लावायला कागद आणि इच्छा यांपलीकडे फारसे काही लागत नाही. कर्मचाऱ्यांच्या मनोबलावरच्या व्याख्यानापेक्षा मला हा तक्ता कितीतरी अधिक माणुसकीचा वाटतो.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि दारूची दुकाने एका रात्रीत बंद झाली तेव्हा अशा रुग्णांची रीघ लागली होती. त्या आठवड्यांत करोनाच्या भीतीबरोबर हेही कोणीतरी सोसले, याची नोंद फारशी कुठे झालेली नाही.

आता मला जो मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. व्यसनाच्या रुग्णांवर उपचार करणारी माणसे खचतात ती केवळ शिव्यांनी किंवा जागरणांनी नव्हे. त्यांना दिसणारे चित्रच मुळात अर्धे असते. समजा, आमच्या वॉर्डातून दारूचे वीस रुग्ण घरी गेले. त्यांतले काही जण सावरतात, कामाला लागतात, आणि पुन्हा वॉर्डात यायचे त्यांना कारणच उरत नाही. जे पुन्हा पितात ते मात्र परत येतात, कधी एकाच वर्षात चार वेळा. म्हणजे सावरलेला माणूस सिस्टरला एकदाच दिसतो, तोही त्याच्या सर्वांत वाईट अवस्थेत, आणि घसरलेला माणूस चार वेळा दिसतो. दहा वर्षे हे पाहत राहिलेल्या सिस्टरने "यांच्यातला कोणी सुधारत नाही" असा निष्कर्ष काढला, तर तिच्या डोळ्यांपुढच्या पुराव्यावरून तो अगदी बरोबर असतो. व्यसनाच्या उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के सांगितले जाते, आणि रक्तदाब किंवा दम्याचे रुग्ण औषधपाणी सोडून पुन्हा आजारी पडतात ते प्रमाणही याच्या जवळपासचे आहे. पण रक्तदाब वाढून परत आलेल्या रुग्णाला आम्ही "गोळ्या चुकवल्या का?" असे विचारतो, आणि पिऊन परत आलेल्याकडे पाहून कोणीतरी म्हणते, "आला परत."

पाच-सहा वर्षांपूर्वी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांजवळ उभ्या असलेल्या एका माणसाने मला थांबवून नमस्कार केला. मला ओळख पटेना. आपण कोणत्या खाटेवर होतो, कोणत्या सिस्टरने तोंडात पाण्याचा चमचा घातला, कोणत्या मामांनी रात्रभर हात धरून ठेवला, हे सारे त्यानेच सांगितले. दारू सोडून त्याला चार वर्षे झाली होती आणि दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना तो नियमित जात होता. मी त्याला म्हटले की मला नका सांगू, वॉर्डात येऊन त्यांना सांगा. तो यायला तयार नव्हता, त्याला लाज वाटत होती. शेवटी एका दुपारी आला. आमच्या वयाने मोठ्या इन्चार्ज सिस्टर बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, तू तर गेलास असं मी धरून चालले होते." नंतर त्या ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन रडल्या. दोन वेळा दाखल होऊन गेलेल्या त्या माणसाला त्यांनी मनातल्या मनात केव्हाच निरोप दिला होता, आणि असे किती जणांना दिला असेल, याचा त्यांना त्या दिवशी प्रथमच प्रश्न पडला.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात मुरलेल्या लोकांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये दारू सोडल्याचा वाढदिवस सर्वांदेखत साजरा होतो. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये बरे झालेले मित्रच पुढे कार्यकर्ते झाले. आमच्या शेजारच्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या 'परिवर्तन' संस्थेचा पाया घातला तिचे कामही अनेकांनी जवळून पाहिले आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्याला सावरलेला माणूस रोज समोर दिसतो. आमच्या अस्थिरोग किंवा मेडिसिन वॉर्डात ती सोय नाही, म्हणून ती मुद्दाम करावी लागते. आता दर दोन-तीन महिन्यांनी, स्वतःहून तयार असलेला एखादा जुना रुग्ण येऊन जातो. सत्कार, हार, फोटो यांतले काही नसते. तो येतो, चहा घेतो, ज्यांनी त्याला सांभाळले त्यांच्याशी बोलतो. कार्यक्रम केला की तो व्यवस्थापनाचा होतो, असा माझा अनुभव आहे.

वॉर्डात वापरल्या जाणाऱ्या शब्दांबद्दलही थोडे लिहायला हवे. "बेवड्याची केस", "गर्दुल्ला" हे शब्द मी स्वतः ऐकले आहेत आणि उमेदीच्या काळात वापरलेही आहेत. ते रुग्णाला घायाळ करतात आणि ते जायलाच हवेत. पण ज्या सिस्टरच्या तोंडून ते निघतात तिला संवेदनशीलतेचे धडे देऊन ते जात नाहीत. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने कामातून येणाऱ्या खचलेपणाची तीन अंगे सांगितली : थकवा, कामाविषयी दुरावा किंवा तिटकारा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. तिटकाऱ्याचा शब्द हे त्यांतले दुसरे लक्षण आहे. ताप मोजावा तसा तो मोजावा आणि आत काय चालले आहे ते शोधावे. शिवाय रुग्णाला चिकटलेला कलंक उपचार करणाऱ्यालाही चिकटतो. माझ्या ओळखीच्या एका मनोविकारतज्ज्ञांना दवाखान्यासाठी जागा मिळेना, कारण "तुमच्याकडे कसले लोक येणार" असे इमारतीतल्या रहिवाशांचे म्हणणे होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत स्थान दिलेले आहे, पण रहिवाशांच्या बैठकीत कायद्याचे वाचन होत नाही.

गुरुवारी दुपारी तीन वाजता आम्ही सात-आठ जण बसतो. ही कल्पना माझी नाही. मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये साध्या व्यवसायी डॉक्टरांचे असे गट चालवले, आणि जगात अनेक ठिकाणी ते आजही चालतात. एकाने एका रुग्णाविषयी सांगायचे; औषधांची चर्चा करायची नाही, त्या रुग्णाशी वागताना आपल्याला काय होते ते बोलायचे; इतरांनी ऐकायचे आणि सल्ला द्यायची घाई करायची नाही. आमच्या बैठकीत डॉक्टर, सिस्टर, मामा आणि मावशी असे सगळे असतात. सुरुवातीला सिस्टर माझ्यासमोर बोलत नसत, म्हणून पहिले काही गुरुवार मीच माझ्या चुका सांगितल्या. त्यांत जतच्या सिस्टरची हकिगत होती.

आमच्या एक मावशी चार महिने काही न बोलता बसत होत्या. एका गुरुवारी, यकृत निकामी झालेल्या एका रुग्णाविषयी बोलणे चालू असताना, त्या खाली पाहत म्हणाल्या, "त्याला अंघोळ घालताना मला माझा नवरा दिसतो, साहेब. मग हात जड होतो माझा." खोलीत कोणी काही बोलेना. नंतर एक सिस्टर म्हणाल्या की त्यांच्या वडिलांचेही तसेच होते, आणि मग आणखी एक जण बोलली. रुग्णाला दारू सोडायला सांगणाऱ्या, त्याच्या अंगावरची उलटी पुसणाऱ्या आमच्या स्त्रिया घरी जाऊन तेच पाहत असतील, हे इतकी वर्षे माझ्या ध्यानात कसे आले नाही, याचे मला त्या दिवशी दुःख झाले. मावशींची ड्यूटी बदलायची का, असे आम्ही त्यांना विचारले. त्यांनी नको म्हटले. त्यांना एवढेच हवे होते की त्या रुग्णाजवळ दुसरे कोणीतरी सोबत असावे. पुढे त्या व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या अल-अनॉनच्या सभेला जाऊ लागल्या. नवरा अजून पितो.

ज्ञानाचा आधार हा वेगळा विषय आहे आणि तालुक्याच्या गावी त्याची निकड जास्त आहे. दिल्लीच्या एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाने कोणता तरी उपचार घेतलेला होता. हे अंतर मूठभर मनोविकारतज्ज्ञ भरून काढू शकणार नाहीत. ते आटपाडीचा किंवा कवठेमहांकाळचा साधा डॉक्टरच भरून काढील, आणि म्हणून तो एकटा पडता कामा नये. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने यासाठी दूरस्थ वर्ग चालवले आहेत, ज्यांत ठिकठिकाणचे डॉक्टर पडद्यावर एकत्र येतात, एक जण आपला खराखुरा रुग्ण मांडतो आणि तज्ज्ञांसह सगळे मिळून त्यावर विचार करतात. ही पद्धत मूळची डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात कावीळ-सीच्या रुग्णांसाठी सुरू केलेली. तिचे मर्म असे की रुग्ण तज्ज्ञाकडे धाडला जात नाही, तज्ज्ञाचे ज्ञान रुग्णाच्या गावच्या डॉक्टरपर्यंत पोहोचते. आपल्यासारखाच दुसराही कोणी चाचपडतो आहे हे तिथे कळते, आणि माझ्या मते निम्मा आधार तोच असतो.

या आधाराची गरज आता वाढली आहे, कारण रुग्ण बदलत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी आमच्या जवळच्या कुपवाडमध्ये मेफेड्रोन या उत्तेजक अमली पदार्थाचा मोठा साठा पकडला तेव्हा आम्हा सगळ्यांना हादरा बसला. नशेच्या गोळ्यांच्या बातम्या तर नित्याच्या झाल्या आहेत. दारूसाठी आमच्याकडे तक्ता आहे, औषधे आहेत. अफूवर्गीय पदार्थांसाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे. मेफेड्रोनचे व्यसन सोडवणारे खात्रीचे औषध नाही. तिथे समुपदेशन, कुटुंबाची साथ आणि चिकाटी यांवरच भिस्त ठेवावी लागते, म्हणजे पुन्हा उपचार करणाऱ्या माणसाच्या मनाच्या बळावर. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या आईसमोर बसून "याला गोळी नाही" असे सांगणे किती जड जाते, हे गेल्या दोन वर्षांत आमच्या समुपदेशक ताईंनी गुरुवारी अनेकदा सांगितले आहे.

मागच्या महिन्यात मी खटपट करून जतच्या त्या सिस्टरचा फोन नंबर मिळवला. त्या आता दुसऱ्या शहरात एका मोठ्या रुग्णालयात वरिष्ठ पदावर आहेत. मी त्यांना ती रात्र आठवते का विचारले आणि माझ्याकडून काय चुकले ते सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, मी संध्याकाळीच लिहून ठेवलं होतं."

मी म्हटले, "हो. मी वाचलं नव्हतं."

मग मी त्यांना तक्त्याविषयी सांगितले, पहिली मात्रा आता सिस्टरच देतात हे सांगितले, गुरुवारच्या बैठकीचे सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "रात्री वॉर्डात किती सिस्टर असतात आता?"

अजून एकच असते.